ग गवताचा

भाद्रपद आला की मला तोंड सांभाळून बोलावं लागतं. एरवी मी तोंडाची फटकळ. वाडीत कुणालाही विचारा. पण बांधावर तेरडा फुलला, भात पोटरीला आलं आणि घराघरांतून मातीच्या ओल्या रंगांचा वास यायला लागला की माझ्या जिभेला कुलूप. कारण या महिन्यात घरोघरी जो देव येतो, त्याच देवाचं नाव माझ्या सासूनं आपल्या एकुलत्या एका मुलाला ठेवलंन, आणि त्या मुलाशी माझं लग्न झालं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे म्हणतात. उखाण्यात घ्यायचं तेवढं, तेही मानेला झोके देत, आणि मग जन्मभर गिळून टाकायचं. नवऱ्याचं नाव धोंडू असतं तर फार तर धोंड्याला दगड म्हटलं असतं. माझ्या वाट्याला अख्खा सण आला.

सगळी वाडी विसर्जनाला घसा फोडून त्या देवाचा जयजयकार करते. मी पहिला अर्धा भाग गिळते आणि ‘मंगलमूर्ती’पासून तोंड उघडते. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही.

वाडीतल्या मुलींना मी अक्षरओळख शिकवते. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते, त्यांच्या कृपेनं मला लिहितावाचता येतं. म्हणून वाडीत मी मास्तरीणबाय. साऱ्या मुलखातल्या मुली ‘ग’ शिकतात तो त्या देवाचा. माझ्या मुली ‘ग गवताचा’ म्हणतात. एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी विचारलं, “ग कशाचा?” साऱ्याजणी एका सुरात ओरडल्या, “गवताचा!” साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “बाई, भाद्रपदाचे दिवस, आणि तुम्हाला गवत आठवलं?” मी म्हटलं, “साहेब, भाद्रपदातच गवत जास्त.” ते हसले आणि त्यांनी पुढचं अक्षर विचारलं.

आमचे हे बोटीवर सुतार होते. आमची वाडी जयगडच्या खाडीकाठी. इथले बापये एक तर मुंबईला, नाही तर दर्यावर. घरात बाईमाणसं, म्हातारी आणि पोरंटोरं. बोटीवर सुताराला काय काम, असं मी लग्नानंतर विचारलं होतं. तर म्हणाले, “लोखंडाच्या बोटीलासुद्धा दारं-खिडक्या लागतात गो. आणि माल हलू नये म्हणून लाकडाचा टेकू द्यावा लागतो. टेकू देणारा मी.” बोलणं असं थोडं, पण हात सोन्याचे. शेवटचे घरी आले होते तेव्हा देवाच्या डोक्यावर टांगायची मंडपी त्यांनी नवीन केली. सागवानी चौकट, एकही खिळा नाही, नुसती खाच खाचेत बसवलेली. तिला कवंडळाची रानफळं, कच्च्या सुपारीचे घोस, तेरडा, नारळ बांधायचे. सासूबाईंनी वर हात करून ती हलवून बघितलीन आणि म्हणाल्या, “पडायची नाही मेली.” एवढं कौतुक त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. ते वैशाखात बोटीवर परत गेले. जाताना आपलं कांबळं ठेवून गेले. म्हणाले, पावसात तुला लागेल.

त्या वर्षी गोकुळाष्टमीचा दहीकाला झाला आणि पाठोपाठ बातमी आली. बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या. टपाल घाटावरून यायचं. भिकूतात्या बाजारातून आले ते सरळ आमच्या ओटीवर. तात्या म्हणजे वाडीतले वडीलधारे मानकरी. देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. छत्री न मिटताच म्हणाले, “वयनी, जपानात भुई हलली. शेरंच्या शेरं कोसळली. वरनं आग लागली.” आणि मग खाली बघून, “आपला पोरगा तिकडंच गेलेला ना?”

तिकडंच गेलेले. ज्या बंदराचं नाव तात्यांनी सांगितलं, त्याच बंदराला त्यांची बोट लागायची होती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलंन नाही. एवढंच विचारलंन, “झापान म्हणजे कुठं? मुंबयच्या पुढं काय?”

“लई पुढं, वयनी.”

“घरां पडली म्हणतोस. मग माणसां कुठं ऱ्हायल्येत?”

“उघड्यावर, आणखी कुठं?”

सूप भिंतीला टेकवून सासूबाई उठल्या. “मग बसलायस काय? झापां विणायला लागा. झापानला झापां नकोत तर काय?”

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा कुणीही हसलं नाही. आमच्याकडे घर जळलं, वादळात छप्पर उडालं, की पहिलं काम एकच. नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजवायच्या, त्यांची झापं विणायची, चार बांबू रोवायचे आणि वर झापं टाकायची. नंतर रडायचं. जपान हा देश आहे, तो समुद्रापलीकडच्या समुद्रापलीकडे आहे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. किंवा होतंही, पण हात रिकामे ठेवून बसणं कुणाला जमलं नसतं, मला तर नाहीच. सणाची तयारी बाजूला राहिली आणि घराघराच्या पडवीत बायका झापं विणायला बसल्या. भिजल्या झावळीचा तो कुजका-गोडसर वास हाताला असा बसला, की मोदक वळतानासुद्धा तोच येत होता. सासूबाई सगळ्यांत भराभर विणत होत्या. प्रत्येक झापाची कड दातांनी ओढून बघत होत्या, जणू त्याखालीच त्यांचा मुलगा निजणार होता.

आधी झापं, मग देव, असं ठरलं. सणाच्या तोंडावर दोन गाड्या भरून आम्ही रत्नागिरीला गेलो. तात्या, गाडीवाले आणि मी. सासूबाईंनी मला मुद्दाम पाठवलंन, म्हणाल्या, “तुला वाचता येतंय. बोटीचं काय झालं ता विचार.” बंदरावर मदतफंडाची पेटी मांडली होती आणि तिथं एक कारकून बसला होता, चष्म्याचा, तरुण. त्यानं गाड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हे काय?”

“झापं.”

“कशाला?”

“जपानला.”

तो हसला. मग माझं तोंड बघून हसू त्यानं आवरलं, एवढा चांगला होता बिचारा. म्हणाला, “बाई, तिकडे पैसेच जातात. झावळ्या बोटीत कोण भरणार?” मला तेव्हा भयंकर राग आला. त्याचा नव्हे, एवढ्या मोठ्या दर्याचा. शेवटी तिथल्या एका मिठाच्या व्यापाऱ्यानं मिठाचे ढीग झाकायला सगळी झापं घेतली, आणि त्याचे पैसे पेटीत पडले. नाणी पडताना जो आवाज झाला तो मला अगदीच थोडा वाटला. वाडीनं बोटं सोलवटून घेतली होती.

मग मी बोटीचं विचारलं. कारकुनानं बोटीचं नाव लिहून घेतलंन आणि म्हणाला, “यजमानांचं नाव?”

झालं! तात्या बैलांना पाणी दाखवायला गेलेले. मी म्हटलं, “या महिन्यात येतात ना घरोघर, ते.”

“कोण येतात?”

“देव.”

“गजानन?”

मी मान हलवली, नाही.

“विनायक? गणेश? हेरंब?” तो एकेक नाव घेत गेला आणि मी मान हलवत राहिले. शेवटी कंटाळून म्हणाला, “बाई, लंबोदर म्हणून कुणी माणसाचं नाव ठेवत नाही हो!” तेवढ्यात तात्या आले आणि त्यांनी ते नाव खणखणीत सांगून टाकलंन. मला वाटलं, किती सोपं आहे यांना! तोंड उघडलं, नाव बाहेर. माणूस जिवंत आहे का नाही तेही ठाऊक नाही, आणि ज्या बाईचा तो नवरा, तिनं तेवढं सोडून सगळं बोलायचं.

विसर्जनाला आमच्याकडे वाडीतले सगळे देव खाडीकाठी एका ओळीत पाटावर मांडतात. आरती होते आणि मग तात्या पुढे होऊन गाऱ्हाणं घालतात. त्यात वाडीतला जो जो माणूस बाहेरगावी आहे त्याचं नाव येतं. देवाला काय, नाव सांगितल्याशिवाय कळायचं नाही? पण पद्धत ती. बापये एकेका वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणून रुजवात देतात. बायका मागं, गप्प. आणि एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गाऱ्हाण्यात नाव येतं ते जिवंत माणसाचं. मेलेल्याचं नाव तिथं येत नाही.

त्या वर्षी सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतल्या. तात्यांनी सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्याफुडं उबी हायत...” मुंबईतले झाले, आगबोटीवरचे झाले, आणि मग ते नाव आलं. पुढं तात्या जरा अडखळले आणि म्हणाले, “आनि म्हाराजा, त्या झापानातली जी कोन गोरगरीब मानसां हायत, त्येंची नावां आमास ठावी नाय, तुला ठावी हायत, त्येंच्या डोस्क्यावर छप्पर घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तात्यासुद्धा झापानच म्हणाले. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं.

बोट सुखरूप आहे असं पुढं कळलं, आणि आम्ही दोघी दिवस काढू लागलो. शिमग्याला जयगडचे हसनमियाँ आले. ते यांच्याच बोटीवर खलाशी. अंगणातल्या तुळशीपासून लांब, फणसाखाली उभे राहिले आणि टोपी काढून बोलायला लागले. बोट बंदराबाहेर होती म्हणून वाचली. होड्या टाकून बोटीवरच्यांनी माणसं वर घेतली. भाजलेली, नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. नंतर कप्तानानं सुताराला किनाऱ्यावर धाडलं, बरोबर लाकडं दिली. आडोसे उभे करायचे होते.

“बाय, बोट सुटायची झाली. मी सोता बोलवाया गेलतो. एका म्हातारीच्या खोपटावर चढलेला, तोंडात खिळं. माझ्याशी बोलला ता पन वरनंच. म्हणालान, ‘हसन, तू हो फुडं. ही बया माझ्या आयेसारखी शिव्या देतेय, भाषा काय कळत नाय, पन शिव्याच त्या. हिच्यावर छप्पर घालतो नि मागल्या बोटीनं येतो.’”

सासूबाई हसल्या. खरंच हसल्या, पदरानं डोळे पुसत हसल्या. “मेलो तिकडं पन आयस शोधून बसलो!” मला हसू आलं नाही. मागल्या बोटी किती आल्या. त्या बंदराहून आलेल्या प्रत्येक माणसाला आम्ही विचारलं. कुणी सांगितलं, बघितल्यासारखा वाटला. कुणी सांगितलं, तिकडे ताप आला होता, माणसं फार गेली. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी रागावले होते, हे लिहायला मी लाजत नाही. त्या परक्या म्हातारीवर रागावले, तिच्या खोपटावर रागावले. तिच्या डोक्यावर छप्पर, आणि माझ्या? दर वैशाखात घर शाकारायला मी दुसऱ्याच्या पाया पडते. कौलं चाळणारे गडी यायला टाळाटाळ करतात; बाईमाणूस एकटं, वर चढून काम बघणार कोण? मग आषाढात मागीलदारी ठिपका लागतो, मी त्याखाली टोप ठेवते, आणि टप् टप् ऐकत राहते. सासूबाई होत्या तोवर भांडायला माणूस होतं. त्या गेल्या तेव्हा पाहुणे-रावळे दिवस करून परतले आणि मी स्वयंपाकाला लागले, तर भात नेहमीसारखा दोघींचा टाकलेला. एकटीचा भात कसा टाकतात ते कित्येक दिवस हाताला उमगेना. सणाला मंडपी मीच टांगते. स्टुलावर चढून दोन्ही हात वर केले की खालून “डावीकडे, अजून डावीकडे” सांगणारं कुणी नसतं. ती वाकडी लागते. तशीच राहू देते.

या वर्षी ज्येष्ठात पुन्हा बातमी आली, क्वेट्ट्याला भूकंप झाल्याची. आमच्या शाळेतले तरुण मास्तर आणि वाडीतली पोरं चादर धरून दारोदार फिरली. आता कुणी झापं विणत नाही. शहाणे झालेत सगळे. पोरं म्हणाली, “मास्तरीणबाय, पैसे नाय तर कपडे, पांघरुणं चालतील. तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो म्हणे.”

मी आत गेले. फडताळातून त्यांचं कांबळं काढलं. बारा पावसाळ्यांची घडी. उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून जपलेली. आणि त्या घटकेला माझा इतक्या वर्षांचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मला एवढंच वाटलं, हे असते तर सुताराची पेटी उचलून निघाले असते. मग त्यांच्या वतीनं कांबळं तरी जावं. ते तिकडे कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर घालताहेत, इकडे त्यांचं कांबळं कुणाला तरी ऊब देईल. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले होते. मी कांबळं चादरीवर ठेवलं आणि मला हलकं वाटलं.

मास्तरांनी मान खाली घातली. संध्याकाळी शेजारची यशोदाकाकी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. “बरां केलंस गो बाय. कधी ना कधी करायलाच हवां होतां.” मी म्हटलं, “अहो, त्यात काय? सगळ्यांनीच दिलं.” तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, म्हातारीला क्वेट्ट्याच्या लोकांचं वाईट वाटतंय!

एवढी अक्षरं शिकवणारी मी, पण हे मला वाचता आलं नाही. परवा विसर्जनाला सगळे देव ओळीनं मांडले. तात्या आता फार थकलेत. दोघांनी धरून पुढं आणलं. आवाज मात्र तोच. “बा देवा म्हाराजा...” मुंबईतले झाले. दर्यावरचे झाले. मी मान खाली घालून थांबले होते, ते नाव आलं की डोळे मिटायचे म्हणून. आणि तात्या म्हणाले, “आनि म्हाराजा, तिकडं क्वेट्ट्याला जी कोन गोरगरीब मानसां...”

नाव आलंच नाही.

मी वर बघितलं. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. सगळी वाडी न बघण्याची काळजी घेत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेलेल्या माणसाचं पांघरूण दान करतात. आणि बारा वर्षं माणसाचा ठाव लागला नाही, की दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं उरकतात. मी कांबळं दिलं, आणि वाडी समजली की मास्तरीणबायनं मनाशी ठरवलंन. मला सांगायची वेळ येऊ नये, कुंकवाचा विषय तोंडानं काढावा लागू नये, म्हणून त्यांनीच हळूच ते नाव खाली ठेवलं होतं. मायेनं केलं होतं हो सगळ्यांनी. त्या मायेनंच माझ्या पायाखालची भुई हलली.

तात्यांनी शेवटचं वाक्य सुरू केलं. त्यानंतर नारळ फुटतो आणि देव पाण्यात जातात. मग पुढल्या भाद्रपदापर्यंत कुणालाही काही सांगता येत नाही.

“आनि गणपत!”

आवाज माझाच होता. बायकांच्या रांगेतून, इतका मोठा की खाडीवरचे बगळे उठले. पोरांनी माना वळवल्या. यशोदाकाकीनं तोंडावर हात घेतला. एकदा निघालं ते निघालं, मी पुढं म्हटलं, “तात्या, गणपत राहिला. माझा घोव. जपानला आहे. छप्पर घालतोय.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे वळून जोडलेले हात पुन्हा वर केले. “व्हय म्हाराजा, चुकलां. आनि आमचा गणपत. जयां आसंल तयां त्येची राखन कर रे म्हाराजा!”

मागच्या बापयांतून एकानं रुजवात दिली, आणि मग सगळ्यांनी, “व्हय म्हाराजा!”

देव पाण्यात गेले. मी घरी आले. मंडपीवरचा तेरडा सुकून खाली सांडला होता, देव्हाऱ्यापुढचा पाट रिकामा. दार लोटलं, आणि त्या रिकाम्या घरात त्यांना एकदा नावानं हाक मारली. साधी, जेवायला बोलावतात तशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हाक कधी मारलीच नव्हती. ओ आली नाही. मी चुलीवर आधण ठेवलं आणि त्यात भात टाकला, दोघांचा.